फोन हातात आला, पण बोलतं कोण?

दुपारची दोनची वेळ. जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता आणि मी नुकती कुठे फोन घेऊन पलंगावर टेकले होते. एवढ्यात दाराची बेल वाजली. दारात एक मुलगी उभी. खांद्याला झोळी, हातात वही. आमच्या ह्यांच्या मित्राची पुतणी. मुंबईला पीएच.डी. करते आणि आठ दिवस आमच्याकडे उतरणार, हे मला आदल्या रात्री कळलं होतं. काय शिकते ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

चहा झाल्यावर मी विचारलं, "कशावर आहे गं तुझा प्रबंध?"

"डिजिटल माध्यमं आणि राजकीय सहभाग."

"म्हणजे काय?"

"म्हणजे असं बघा काकू, फोन आल्यापासून माणसं गावच्या, देशाच्या कारभारात खरोखर जास्त भाग घेतात, की घेतल्यासारखं नुसतं वाटतं? ते मला शोधायचंय. त्यातून बायका."

मी हसलेच. म्हटलं, "मग तू चुकीच्या घरी आलीस. आमच्याकडे राजकारण हे करतात. मी फोनवर पाककृती बघते आणि माहेरच्यांशी बोलते."

तिने वही उघडली आणि काहीतरी लिहून घेतलं.

"काय लिहिलंस?"

"हेच, तुम्ही आत्ता म्हणालात ते."

मैत्रिणींनो, पुढच्या आठ दिवसांत या मुलीने मला माझ्याच फोनची अशी काही ओळख करून दिली, की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पडघाच का?

पहिला प्रश्न मीच विचारला. मुंबई सोडून आमच्या पडघ्यात हिला काय सापडणार? तिचं उत्तर तयार होतं. पडघा ना धड खेडं, ना धड शहर. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला मुंबई-नाशिक महामार्ग. मुंबईत कोणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर काही मागवावं, तर ती वस्तू निघते आमच्या भिवंडी तालुक्यातल्या गोदामांमधून. म्हणजे फोनचं जग आमच्या दारावरून रोज ट्रकमध्ये बसून जातं.

आणि आमचं विजेचं उपकेंद्र! चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर तारांवरून वीज इथे येते, १९९९ सालापासून. ती येते एकदिश प्रवाहाने आणि इथे तिचं घराघरात चालणाऱ्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर होतं. आम्ही इतकी वर्षं ते मनोरे बघतो, पण हे मला त्या मुलीकडून कळलं. ती म्हणाली, "रेडिओ, टीव्ही एकाच दिशेने यायचे, काकू. ते बोलणार, आपण ऐकणार. फोनची तार दोन्ही बाजूंनी चालते. मला एवढंच बघायचंय, की आपल्या बाजूने तिच्यातून काही जातं का?"

तिची कामाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. कोणाशी बोलायचं तर आधी एक कागद पुढे ठेवायची. त्यावर लिहिलेलं, की हे संशोधन कशासाठी आहे, तुमचं नाव कुठेही येणार नाही, नको वाटलं तर मधेच थांबता येईल. सही झाली की मगच प्रश्न. तिच्या शास्त्राचा हा नियम आहे. म्हणून मीही या लेखात तिचं नाव घातलेलं नाही आणि आमच्या गल्लीतल्या कोणाचंही नाही.

फोन कोणाचा?

तिने पहिल्या दिवशी मला वाटले होते तसले कठीण प्रश्न विचारलेच नाहीत. कोणत्या पक्षाला मत देता, वगैरे काही नाही. विचारलं काय, तर फोन कोणाच्या नावावर आहे? रिचार्ज कोण भरतं? कुलूप उघडायचा आकडा आणखी कोणाला ठाऊक आहे? दिवसात फोन तुमच्या हातात नक्की किती वेळ असतो?

शेजारच्या घरात फोन एकच. सकाळी तो मालकांकडे, संध्याकाळी मुलाच्या क्लाससाठी, रात्री पुन्हा मालकांकडे. बाईच्या वाट्याला दुपारचे दोन ते चार. म्हणजे आपला जो विश्रांतीचा वेळ, तोच तिचा जगाशी बोलायचा वेळ!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणून सरकारची मोठी पाहणी होते. २०१९ साली ती आपल्या राज्यात झाली, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरातल्या ३८ जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये हाच आकडा ६१ च्या वर होता. त्यानंतर फोन पुष्कळ वाढले, पण ती मुलगी म्हणते, की घरात फोन असणं वेगळं आणि तो बाईचा असणं वेगळं.

याचा प्रत्यय आपण सगळ्यांनी २०२४ साली घेतलाय. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आमच्याकडे घरोघर एकच धांदल. अर्ज बाईचा, आधार बाईचं, खातं बाईचं, पण ओटीपी येणार ह्यांच्या फोनवर, आणि हे गेलेले कामाला! कितीजणी दुपारभर नवऱ्याला फोन लावत बसल्या होत्या. तेव्हा आपण हसलो. हसण्यासारखंच होतं ते. पण सरकारदरबारी आपली ओळख पटवायचा आकडाच जर दुसऱ्याच्या खिशात येत असेल, तर पुढचं बोलणं कोणाच्या तोंडून होणार?

मोजदाद

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काकू, तुमच्या गल्लीच्या ग्रुपमधले तुमचे स्वतःचे संदेश आपण दोघी बघू या का? फक्त तुमचे. बाकीच्यांचे मी वाचणार नाही, त्यांनी मला परवानगी दिलेली नाही."

मी म्हटलं, बघ की. आम्ही महिनाभर मागे गेलो. काय निघालं असेल? वाढदिवसाच्या शुभेच्छा. गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. जोडलेले हात. कोणाचे तरी आलेले संदेश, जसेच्या तसे पुढे ढकललेले. महिन्याभरात माझं स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य सापडेना! मला शरमल्यासारखं झालं.

मग आमचा बायकांचा वेगळा ग्रुप उघडला. तिथे तर मी अखंड बोलत होते. गॅस किती महाग झाला, एसटीची वेळ मुलींच्या कॉलेजला कशी जुळत नाही, शाळेची फी, डॉक्टर, रस्त्यावरून सुसाट जाणारे ट्रक. एका बाजूने एक सुरू झाली की दुसरी पुढे नेते, अगदी हळदीकुंकवाला बसल्यासारखं.

"आणि तुम्ही म्हणता राजकारण काका करतात," ती मुलगी म्हणाली. "पाणी, बस, शाळा, गॅस. काकू, राजकारण आणखी कशाला म्हणतात?"

मी गप्प झाले. खरंच की. ज्यांना उत्तर द्यायचं, ते सगळे मोठ्या ग्रुपमध्ये. प्रश्न मात्र आम्ही एकमेकींना विचारत बसलो होतो. आणि मोठ्या ग्रुपमध्ये आमची हजेरी कशाची, तर जोडलेल्या हातांची.

ती म्हणाली, "माझ्या विषयातले पुष्कळ लोक कोण काय बोलतं ते मोजतात. मी कोण गप्प राहतं तेही मोजते."

बोहारीण

आता जे सांगते ते सांगायला जड जातंय. पण न सांगून चालणार नाही.

तिचा एक प्रश्न होता, "एखादा संदेश पुढे पाठवल्याचा कधी पस्तावा झालाय का?" मी आधी नाही म्हणून टाकलं. रात्री झोप लागेना. सकाळी तिला उठवून सांगितलं.

२०१८ चा जून महिना. फोनवर एक संदेश आला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, जुने कपडे मागायच्या निमित्ताने बायका घरं हेरून जातात, सावध राहा. माझी धाकटी तेव्हा पहिलीत होती. पोटात गोळाच आला. मी एका क्षणात तो संदेश ज्या ज्या ग्रुपमध्ये होते तिथे तिथे पाठवला. खाली लिहिलं, "काळजी घ्या."

आमच्याकडे एक बोहारीण यायची. दहा वर्षं तरी येत असेल. धाकटी तान्ही असताना तिला मांडीवर घेऊन बसलेली, मला घासाघीस करून स्टीलचे डबे देणारी. दोन दिवसांनी ती आली, तर गल्लीच्या तोंडाशीच पोरांनी तिला अडवलं. नाव काय, गाव कुठलं, कार्ड दाखव. तिचं गाठोडं सोडायला लावलं. सगळी भांडी रस्त्यावर. मी गच्चीतून बघत होते. खाली जाऊन "अरे, मी ओळखते हिला" एवढं म्हणायला हवं होतं. मी गेले नाही. चार माणसांत कशाला, असं वाटलं. तिने भांडी गोळा केली आणि गेली. पुन्हा कधी आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. भिक्षा मागत पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारी. आठवडी बाजाराच्या दिवशी आली होती. मुलं पळवणारी टोळी समजून त्यांचा जीव घेतला. असलीच अफवा फोनवरून फिरत होती.

ती बातमी वाचली तेव्हा मी हळहळले होते. पण त्या अफवेच्या साखळीत कुठेतरी माझंही एक बोट होतं, हे तेव्हा मनात आलं नव्हतं. ते आलं त्या मुलीच्या प्रश्नाने.

मी तिला म्हटलं, "अगं, आम्हाला काय कळतंय? आम्ही भोळ्या. खरं वाटलं म्हणून पाठवलं."

तिने मान हलवली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बानाजी आणि रामनाथ भट यांनी सहकाऱ्यांबरोबर नेमका हाच अभ्यास केला. महाराष्ट्रासह चार राज्यांत हिंडून लोकांशी बोलले आणि २०१९ साली त्याचा अहवाल आला. त्यांना दिसलं, की असे संदेश पुढे पाठवणारे सगळे काही अडाणी किंवा फोन न कळणारे नसतात. ज्यांच्याविषयी मनात आधीच संशय किंवा आकस असतो, त्यांच्याविषयीचं वाईट लगेच खरं वाटतं.

मी विचार केला. त्या संदेशात "गाडीतून येणारे, चांगल्या कपड्यांतले साहेब मुलं पळवतात" असं असतं, तर मी इतक्या घाईने पाठवला असता का? नसता. दोनदा वाचला असता. बोहारणीवर संशय घ्यायला मला पुरावा लागला नाही. हे स्वतःशी कबूल करायला सोपं नाही, हो.

तासाभरात येत नाही

मग यावर उपाय काय? एखादं शिबिर, एखादं भाषण? त्याचाही अभ्यास झालाय. सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने विद्यार्थिनी असतानाच, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी शिकत असताना, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये प्रयोग केला. १,२२४ लोक घेतले. त्यांतल्या काहींच्या घरी जाऊन तासभर बसून, खोटी बातमी कशी ओळखावी ते शिकवलं. निकाल काय लागला? एकूण पाहता काही फरक पडला नाही. आणि जे पक्षाचे पक्के अभिमानी, त्यांतल्या काहींना तर आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी आणखीच खरी वाटू लागली!

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे तिने आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग केला. साडेतेरा हजारांच्या आसपास मुलं, आणि कित्येक आठवड्यांत विभागून घेतलेले वर्ग. या वेळी मात्र मुलं खरं-खोटं चांगलं ओळखू लागली. काही महिन्यांनी पाहिलं तर तो फरक टिकलेला. आणि गंमत म्हणजे त्यांच्या आईवडिलांमध्येही थोडा फरक दिसला. मुलं घरी जाऊन बोलली असणार.

मला हे फार पटलं. स्वयंपाक तरी कोणाला एका तासात येतो? रोज आईजवळ उभं राहून येतो. तांदूळ निवडायची सवय लागली की खडा आपोआप दिसतो. हेही तसंच.

सासूबाईंचं लाटणं

आमच्या सासूबाईंकडे फोन नाही. त्यांना नकोच आहे. म्हणून त्यांना विचारायचं त्या मुलीच्या मनातही नव्हतं. पण सासूबाई स्वतःच येऊन बसल्या.

"पोरी, मी सांगते तुला. लग्नाआधी मी लालबागला. बहात्तर साली महागाई अशी भडकलेली, की साखर-तेल मिळेना. तेव्हा मृणालताई, अहिल्याताई यांनी बायकांना रस्त्यावर आणलं. मी आईबरोबर गेले होते. एका हातात थाळी, एका हातात लाटणं. अशी वाजवली थाळी, की मंत्रालयापर्यंत ऐकू गेली पाहिजे!"

मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या निरनिराळ्या पक्षांच्या बायका. पण १९७२ साली महागाईसाठी एकत्र आल्या आणि त्यांचे लाटणे मोर्चे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. ना फोन, ना ग्रुप. निरोप जायचा तोंडातोंडी, नळावर, रेशनच्या रांगेत.

त्या मुलीने भराभर लिहून घेतलं. मी मात्र सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. घरात फोन नसलेली ही एकच बाई. आणि चारचौघांत जाऊन आवाज करून आलेलीही हीच एक!

जिथे लिहून घेतात तिथे

जाण्याच्या आदल्या दिवशी तिने मला एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ग्रुपमध्ये बोललेलं दुसऱ्या दिवशी वर सरकून जातं. सभेत बोललेलं इतिवृत्तात लिहावं लागतं.

१९९३ साली ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. हे आपल्याला ठाऊक असतं. पण निवडून न येताही आपल्याला जागा आहे! गावच्या मतदारयादीत जिचं नाव, ती ग्रामसभेची सभासद. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा घ्यावी लागते आणि तिच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. ग्रामसभेची गणपूर्ती किती, तर मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे आपण वीस-पंचवीसजणी जरी नेमाने गेलो, तरी सभेत उठून दिसू.

शहरात राहणाऱ्या मैत्रिणींना ग्रामसभा नाही. पण वॉर्डाच्या नगरसेवकाला लेखी अर्ज देऊन पोच घेता येते. राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवर फोनवरूनच तक्रार नोंदवून क्रमांक मिळवता येतो. २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. फोनचा खरा उपयोग इथे आहे.

आपण काय करू शकतो?

त्या मुलीच्या बोलण्यातून मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. शेगडीजवळच्या भिंतीवर कागद लावलाय. तुम्हीही लावून बघा.

१. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो पुष्कळदा पुढे ढकलला गेलेला आहे असं समजावं. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, हा कंपनीने २०२० मध्ये घातलेला लगाम आहे. आपण तोही पाठवू नये.

२. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की तुम्हालाही आलंय?" निम्मे संदेश इथेच विरघळतात.

३. गाव, तारीख, नाव यांतलं काहीच नसेल तर तो निरोप नव्हे, अफवा.

४. कोणाविषयी राग किंवा भीती दाटून आली, की फोन पालथा ठेवून भाजी निवडायला बसावं. भाजी निवडून होईपर्यंत पाठवायचं नाही.

५. मूल खरोखरच संकटात दिसलं, तर ग्रुपमध्ये नाही, १०९८ किंवा ११२ वर कळवावं.

६. आपल्या आधारला आणि बँकेच्या खात्याला आपलाच क्रमांक जोडलेला असावा. ओटीपी आपल्या हातात यावा आणि तो कोणालाही सांगू नये.

७. भलताच कोणी आपल्याला ग्रुपमध्ये ओढू नये, म्हणून फोनच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये "माझे संपर्क" ही निवड करून ठेवावी. मुलांना सांगितलं की ती दोन मिनिटांत करून देतात.

८. आठवड्यातून एकदा तरी मोठ्या ग्रुपमध्ये स्वतःचं, स्वतः लिहिलेलं एक वाक्य टाकावं. जोडलेले हात त्यात धरायचे नाहीत.

आठवा नियम सगळ्यांत अवघड. ती मुलगी कल्याणच्या एसटीत बसून गेली, त्यानंतर चार दिवस मी नुसती लिहायची आणि पुसायची. हे काय म्हणतील, गल्लीतले पुरुष काय म्हणतील. शेवटी एका दुपारी, दोन ते चारमध्ये, लिहून टाकलं, "पुढची महिला सभा कधी आहे, कोणाला माहीत आहे का?" आणि खाली माझं नाव घातलं. ग्रुपमध्ये ते तसंही दिसतंच, तरी घातलं.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग दोन अंगठे आले. आमचे हे संध्याकाळी म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "नवीन नाही, सासूबाईंचं जुनंच आहे."

रात्री एक वेगळा संदेश आला. ग्रुपमध्ये नाही, फक्त मला. समोरच्या वहिनींचा. सहा वर्षांत ज्यांनी ग्रुपमध्ये एक अक्षर लिहिलं नाही, त्या.

"मी पण येते."